घोटभर काढा

नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरात उन्हाळा सुरू झाला हे कॅलेंडरवरून कधी कळलं नाही, ते खलबत्त्याच्या आवाजावरून कळायचं. होळी होऊन आठ-दहा दिवस झाले की पहिली बाई दारात यायची. आत यायची नाही. उंबऱ्यापाशीच पदर तोंडाला लावून उभी राहायची. आधी पोराबाळांची चौकशी, मग उन्हाची, मग उगाच माझ्या अभ्यासाची, आणि हे सगळं झाल्यावर आवाज खाली आणून म्हणायची, "कौसाबाई, उन्हाळी लागली वं." घरात पुरुषमाणूस असला तर तेवढंही नाही, नुसती ओटीपोटावर हात ठेवायची. माय समजायची. लघवीला आग होणं, थेंब थेंब होणं, जाऊन आल्याबरोबर पुन्हा जावंसं वाटणं, कमरेत ओढ लागणं, या सगळ्याला आमच्याकडे हा एकच शब्द होता आणि तोही बायका कुजबुजतच म्हणायच्या. माय मग मला हाक मारायची, "शाले, सराट्याचा डबा काढ." मी पुस्तक पालथं टाकून उठायची. अभ्यासातून सुटका मिळाल्याचा आनंद मला लपवता येत नसे आणि मायलाही तो दिसत असे.

फळीवर पत्र्याचे सात-आठ डबे होते. सराटा, म्हणजे औषधवाले ज्याला गोखरू म्हणतात तो, मी दिवाळीनंतर आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटांवरून गोळा करून आणायची. तेव्हा नंदनवनात घरं कमी आणि प्लॉट जास्त होते. सराटा गोळा करायची आमची रीत अशी, की जुनं गोणपाट घ्यायचं, ते जमिनीवरून ओढत न्यायचं, काटे आपोआप त्याला चिकटतात. मग ओट्यावर बसून एकेक काढायचे. बोटांची चाळण व्हायची. भुट्ट्याचे केस पावसाळ्यात चौकातल्या भुट्टेवालीकडून आणायचे. ती ते फेकूनच द्यायची, मी मागितले की माझ्याकडे संशयाने बघायची. ते सावलीत वाळवले की तपकिरी होत. पळसाची फुलं फाल्गुनात मामा काटोलकडून पोत्यात भरून आणी. धणे, जवस, काकडीच्या बिया, वाळ्याच्या मुळ्या. प्रत्येक डब्याचा वास मला आजही डोळे मिटून सांगता येईल.

ही विद्या मायला तिच्या मायकडून आली होती. माझी ही आजी काटोलजवळच्या खेड्यात राहायची आणि दवा देताना काहीतरी पुटपुटायची, झाडाभोवती दोरा बांधायची, अमुक वारीच मुळी उपटायची. पांढरं लुगडं नेसून नागपूरला दीक्षा घेऊन आली, त्या दिवसापासून तिनं पुटपुटणं सोडलं आणि दोराही सोडला. गावातले लोक म्हणाले, आता हिची दवा लागू पडायची नाही. पण दवा लागू पडत राहिली. माय ही गोष्ट फार अभिमानानं सांगायची. आजीची दवा म्हणजे काय, तर मूठभर धणे आणि चार-पाच सराटे जाडेभरडे कुटून रात्री मोठ्या तांब्यात भिजत घालायचे, सकाळी गाळायचे आणि दिवसभर ते पाणी पीत राहायचं. संपलं की पुन्हा पाणी ओतायचं. जोडीला जवसाचं बुळबुळीत पाणी. बस. लघवी अडली तर पळसाची फुलं वाफवून गरम गरम ओटीपोटावर बांधायची.

हे लिहिताना माझ्या टेबलावर औषधाची पट्टी पडलेली आहे. साठीला आले, साखर मागे लागली, आणि तिच्यामागून ही उन्हाळीही वर्षातून एकदा-दोनदा हजेरी लावते. डॉक्टर तपासणी करायला सांगतात, गोळ्यांचा कोर्स देतात, मी तो शेवटच्या गोळीपर्यंत पूर्ण करते. त्यात हयगय करत नाही, का करत नाही ते पुढे येईलच. मुलगी पुण्याहून फोन करते आणि विचारते, आई, पाणी प्यालीस का? मी हो म्हणते. फोन ठेवला की स्वयंपाकघरात जाऊन चमचाभर धणे स्टीलच्या पेल्यात भिजत घालते. गोळी असताना धण्याची काही गरज नाही, मला माहीत आहे. मला धणे नको असतात. कोणीतरी खरखरीत आवाजात "शाले" म्हणून हाक मारायला हवी असते.

बाबा गवंडी होते. भाकरी बांधून सकाळी निघत, ते दिवस कलल्यावर येत. माय मिरचीच्या मोसमात कळमन्याच्या पलीकडे एका व्यापाऱ्याच्या गोदामात मिरचीचे देठ खुडायला जायची. पत्र्याचं लांबच लांब छप्पर, खाली लाल मिरचीचे ढीग, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी तोंडाला फडकी बांधलेल्या वीस-पंचवीस बाया. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या आधी तिचा ठसका घरात यायचा. ओट्यावरच बसून ती आधी हाताला तेल चोळायची, मग ताक, मग राख, मग पुन्हा तेल. तरी आग जात नसे. भाकरी मलाच थापावी लागायची, कारण तिच्या हातची खाल्ली की बाबांच्या ओठांची आग व्हायची. मिरचीच्या त्या चार महिन्यांत मायनं माझ्या तोंडावरून कधी हात फिरवला नाही. लाड करायचा झाला तर मनगटाची उलटी बाजू माझ्या गालाला लावायची आणि लगेच काढून घ्यायची. जेवायला ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, फोडलेला कांदा, एखादे दिवशी वांगं. जेवताना ती गोदामातल्या गमती सांगायची, कोण कशी शिंकली, मुकादमाची नक्कल करून दाखवायची. बाबा हसून हसून पाणी मागायचे. माय मात्र संध्याकाळी आल्या आल्या तीन पेले पाणी प्यायची, आणि ते पेले ती उभ्यानंच घटाघट रिकामे करायची. मला वाटायचं, मिरचीमुळे.

गोदामात बायांना जायला जागा नव्हती. मागच्या बाजूला ट्रक उभे राहायचे, हमाल झोपलेले असायचे. समोर रस्ता. शिवाय मिरचीचे हात, त्या हातांनी लुगडं सोडायचं, धुवायचं, म्हणजे आगीत हात घालण्यासारखंच. म्हणून बायांनी आपला एक नेम करून घेतला होता. सकाळी घरून निघताना जायचं, आणि मग संध्याकाळपर्यंत पाण्याला शिवायचं नाही. पाणी प्यायलं तर जावं लागणार. हा नेम कोणी घालून दिला नव्हता, मुकादमानंही पाणी पिऊ नका असं कधी म्हटलं नाही. नवीन बाई आली की जुनी तिला सांगायची, इतकंच.

तर या बाया मायकडे दवा मागायच्या आणि मग कुरकुर करायच्या, की कौसाबाई, तुझी दवा लागू पडते पण तांब्याभर पाणी कसं प्यावं, दिवसभर जावं लागते. घोटभर देता येत नाही का? माय विचारात पडली. तिनं कढईत आठ पेले पाणी घेतलं, सराटा, धणे, भुट्ट्याचे केस दुप्पट घातले, आणि आटवत आटवत अर्ध्या पेल्यावर आणलं. काळाकुट्ट, कडवट, चिकटसर काढा. तो तिनं लहान लहान बाटल्यांत भरला आणि बायांना सांगितलं, टोपणभर घ्या. दवा तीच, वरून दुप्पट, आणि त्रास काही नाही. बायांना तो फार आवडला. 'कौसाबाईचा घोट' असं त्याला नाव पडलं. दुसऱ्या गोदामातल्या बाया विचारत येऊ लागल्या. माय त्याचं कोणाकडून काही घेत नसे. कोणी मूठभर तीळ आणायची, कोणी दोन संत्री. पण आमच्या गल्लीतून जाताना तिची मान ताठ असायची, आणि खरं सांगते, माझीही. मिरची खुडणाऱ्या बाईच्या पोरीला मिरवायला दुसरं होतं काय?

मी मॅट्रिकची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात माय स्वतः आजारी पडली. एका सकाळी ती मोरीतून भिंत धरून आली. मी विचारलं तर म्हणाली, "लागली थोडीशी." तिनं घोट घेतला आणि कामावर गेली. दुसऱ्या दिवशी कमरेच्या वर, उजव्या कुशीत दुखू लागलं. तिनं दोन घोट घेतले आणि तशीच गेली. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. बाबांना तिनं लू लागली, म्हणजे ऊन बाधलं, असं सांगितलं. मी कैरी भाजून पन्हं केलं, कांदा किसून तळपायाला बांधला, पळसाची फुलं वाफवून ओटीपोटावर ठेवली. माय पडल्या पडल्या मला एकेक सांगत होती आणि मी करत होते. तिला फुलांचा चटका बसू नये म्हणून मी आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघत होते. आपण सगळं बरोबर करतो आहोत याची मला खात्री होती.

मुकादमाचा कायदा असा, की दोन दिवस जागा रिकामी राहिली तर दुसरी बाई बसवायची. म्हणून चौथ्या दिवशी मायनं मला आपल्या जागी पाठवलं. सोबत शेवंताबाई होती. ती मायची जुनी मैत्रीण, आमच्या मागच्याच ओळीत राहायची. गोदामात शिरताच माझ्या डोळ्यांना धार लागली. शेवंताबाईनं फडकं बांधून दिलं, देठ कसा मोडायचा ते दाखवलं. अकरा वाजेपर्यंत घशाला कोरड पडली. मुकादमाच्या टेबलाजवळ भरलेला माठ होता, त्यावर स्वच्छ पेला पालथा घातलेला. मी उठले तशी शेवंताबाईनं माझं मनगट धरलं. "नोको पेऊ, पोरी. मंग जाशील कुठी?" सोळाव्या वर्षी माझ्या अंगात हट्ट ठासून भरलेला होता. मी जाऊन पेलाभर पाणी प्यायले. सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. एकीनं मान हलवली, मला वाटतं, कीव येऊन.

दोन वाजल्यापासून मी मांडीला मांडी घट्ट दाबून बसले होते. कोणाशी बोलत नव्हते, कारण बोललं तरी बंध सुटेल असं वाटायचं. समोरच्या ढिगाकडे बघत मी एकेक देठ मोजत होते. तेवढ्यात शेवंताबाईनं कनवटीची लहान बाटली काढली, टोपण भरलं, तोंडात टाकलं आणि डोळे मिटून गिळलं. मग शेजारणीला दिलं. बाटली रांगेतून पुढे पुढे गेली. माझ्याकडे बघून शेवंताबाई कौतुकानं म्हणाली, "तुही माय लय हुशार आहे. याच्यानं दिवस निघून जाते. पाणी प्याचं कामच नाही." मला आधी अभिमान वाटला, तो लपवत नाही. मी हसलेसुद्धा. मग त्या सगळ्यांच्या ओठांना पडलेल्या भेगा दिसल्या. बाया उन्हाळी लागली म्हणून मायचा घोट घेत नव्हत्या, पाण्याच्या जागी तो घेत होत्या. आणि माय, त्यांच्यामध्येच बसून, वर्षानुवर्षं हेच करत होती.

संध्याकाळी मी जवळजवळ पळतच घरी आले. आधी मोरीत गेले. आग आग होत होती, एका दिवसात. बाहेर आले तर माय भर मे महिन्यात दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होती. दात वाजत होते. शेजारी उलटीचं घमेलं. माझी चाहूल लागल्यावर ती म्हणाली, आज घोट जरा जास्त आटव, चार पेल्यांचा टोपणभर कर. मी सवयीनं कढई ठेवली. पाणी उकळू लागलं, वाफ वर जाऊन कौलाला लागत होती. मी बघत उभी राहिले. पाणी सगळं असंच वर निघून जात होतं, आणि मी कढई खाली उतरवली. साधं पाणी घेऊन मायकडे गेले. ते तिच्या पोटात राहिलं नाही.

बाबा यायला वेळ होता. मी शेवंताबाईला बोलावलं आणि चौकातून सायकलरिक्षा आणली. माय उठायला तयार नव्हती. तापानं डोळे लाल झालेले, पण आवाजात जोर होता. म्हणाली, "मी दवाखान्यात गेली तं बाया काय म्हणतीन? जिची दवा घेतो थेच बाई सुया टोचून घेऊन राहिली." मी म्हटलं म्हणू दे. ती म्हणाली, मग मला कोण विचारील? मी तिच्याशी त्याआधी कधी वरच्या आवाजात बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, शेवंताबाई मात्र पुढे कित्येक वर्षं त्याची आठवण काढून मला 'हवालदारीण' म्हणायची. आम्ही दोघींनी मायला दोन्ही बाजूंनी धरून रिक्षात बसवलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान दिसत होत्या. त्यांनी कुशीत बोट दाबलं तशी माय कळवळली. त्यांनी विचारलं, कधीपासून त्रास आहे, काय घेतलं, दिवसाला किती पाणी पिता. मायनं डोळे मिटून घेतले. माझ्याकडे पाहिलं असतं तर मी गप्प बसले असते, इतकी मी तिच्या शब्दाबाहेर नव्हते. पण तिनं डोळे मिटले आणि मी सगळं सांगून टाकलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही. चार दिवसांपासून लघवीला आग. आठ पेले आटवून अर्धा केलेला काढा. शेवंताबाई शेजारीच उभी होती. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, काढ्याला हसल्याही नाहीत. म्हणाल्या, धण्याचं पाणी प्यायला हरकत नाही, पण ताप चढला, कुशीत दुखलं, की घरी थांबायचं नसतं, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलाय. आणखी दोन दिवस गेले असते तर काय झालं असतं ते त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी व्हरांड्यात जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत आले.

माय दवाखान्यात नऊ दिवस होती. त्या नऊ दिवसांत ती माझ्याशी बोलली नाही. पाणी दे, उशी सरकव, एवढंच. बाबांशी बोलायची, शेजारच्या खाटेवरच्या बाईशी बोलायची, मी आले की भिंतीकडे कूस. गोदामातल्या बाया टरबुजं घेऊन भेटायला आल्या. मला वाटलं होतं, शेवंताबाईनं सगळ्यांना सांगितलं असेल, आता मायची लाज गेली. तर उलटंच. बाया म्हणत होत्या, लवकर बरी हो, आमच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. शेवंताबाईच म्हणाली की दवाखान्याची सुई दवाखान्याच्या जागी, पण घोट तो घोटच. मायनं त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की मला समजेना ही आता रडणार का ओरडणार. 

घरी आल्यावर डबे फळीवर तसेच राहिले. बाया दारात येत, माय आतूनच सांगे, दवा सरली. खलबत्ता बंद झाला. घर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं, शेजारच्या घरातला कूलर सुद्धा ऐकू येऊ लागला. मी मुद्दाम डबे खाली काढून पुसायची, झाकणं वाजवायची, की ती म्हणेल, शाले, काय करून राहिली. ती म्हणत नव्हती. मी तिचा जीव वाचवला असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि मला वाटे, वाचवला खरा, पण तिच्याकडून काहीतरी हिसकावूनही घेतलं. ते परत कसं द्यायचं हे मला कळत नव्हतं.  मायचं आयुष्य पुढे पुष्कळ झालं, शेवटी म्हातारी होऊन माझ्याच घरी गेली, पण माझी माय पहिल्यांदा माझ्यापासून लांब गेली ती त्या पंधरा-वीस दिवसांत.

एका दुपारी मी न राहवून विचारलं, "माय, तू माह्यावर रागावली काय?"

ती जवस निवडत होती. तिनं एक खडा उचलून टाकला. मग म्हणाली, "तुह्यावर काहून रागावू? माही माय तांब्याभर पाजे. बायायनं म्हटलं घोट कर, तं म्या घोट केला. दवा ठेवली अन पाणी जाळून टाकलं." तिनं सूप खाली ठेवलं. "आता थ्या बाया माह्या भरवशावर तहानल्या बसून राहिल्या. त्यायले काय तोंडानं सांगू?"

 मी तिच्याजवळ सरकून बसले. तिनं सरकू दिलं.

दोन दिवसांनी सकाळी तिनं बाबांसाठी भाकरी बांधली, आपल्यासाठी बांधली आणि मला म्हणाली, चल. काखेत एक जुनं नऊवारी घेतलं होतं. कशाला, म्हणून विचारलं तर उत्तर दिलं नाही. गोदामात तिच्या जागी दुसरी बाई बसली होती, पण बायांनी तिला बघून गलका केला, सरकून जागा करून दिली, घोट आणला का म्हणून विचारलं. ती म्हणाली, बसा, सांगते. आणि काहीच न सांगता मिरची खुडत बसली. अकरा वाजले, बारा वाजले. तिची बोटं चालत होती पण ओठ हलत होते, मनातल्या मनात काहीतरी जुळवत असल्यासारखे. मला भीती वाटत होती, ही उठणारच नाही.

भाकरीची सुट्टी झाली. माय उठली, सरळ माठाकडे गेली, झाकण काढलं आणि पेला भरून प्यायली. दुसरा भरला, तोही प्यायली. मुकादम टेबलावरून म्हणाला, कौसाबाई, आज कोणता उपास सोडून राहिली? ती त्याच्याशी बोलली नाही. बायांकडे वळली.

"बायाहो, माहं चुकलं," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "म्या दिलेला घोट दवा नव्हती. दवा पाणी होतं, म्या थे आटवून टाकलं. माह्या कुशीत पू होऊन राहिला होता, पोरीनं नेलं म्हणून जित्ती आहे. आजपासून माह्याकडे कोनी बाटली मागू नोका. ताप आला तं दवाखान्यात जा. अन पाणी प्या. पाण्यासाठी आपल्या मागच्या लोकायनं मार खाल्ला. इथं माठ भरून आहे, कोनी नाही म्हणत नाही, अन आपण तोंड बांधून बसतो."

 एक बाई ठसकली. सगळ्यांच्या नजरा शेवंताबाईकडे गेल्या. ती खाली मान घालून भाकरीचं फडकं घडी करत होती. शेवटी तिनं वर न बघता विचारलं, "अन जाचं कुठी वं, कौसा?"

मायनं काखेतलं नऊवारी उलगडलं. गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांची थप्पी होती, ती आणि भिंत यांच्यामध्ये चार हात जागा. तिनं लुगड्याचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, धर. दुसरं टोक घेऊन ती उभी राहिली. क्षणभरानं शेवंताबाई उठली, तिच्या हातातून ते टोक काढून घेतलं आणि म्हणाली, सोड, पहिले तूच जा, दोन पेले पेली आहेस. तेव्हा कुठे बाया हसल्या. मुकादम खुर्चीवरून उठून इकडे येऊ लागला, हे काय चाललंय म्हणून. मायनं त्याला तिथूनच सांगितलं, "भाऊ, पाठ करून उभे राहा गा." तो थांबला. इकडे तिकडे पाहिलं आणि खरंच पाठ करून उभा राहिला. हमालही बाहेर गेले.

एकेक बाई माठाकडे जात होती, पेलाभर पाणी पीत होती आणि आमच्या लुगड्यामागे येत होती. कोणाला हसू येत होतं, एक म्हातारी रडत होती. तिला रोखून धरायची इतकी सवय झाली होती की बसूनही होईना. माझे हात भरून आले होते, खांद्यात कळ येत होती, पण मी टोक खाली येऊ दिलं नाही. माय बाजूला उभी राहून एकेकीच्या हातावर घरून आणलेलं तेल ओतत होती. लुगड्यामागून त्या म्हातारीचा आवाज आला, बाई, उशीर होऊन राहिला, मी उठते.

"बस वं, काकी. काही घाई नाही," माय म्हणाली. "माही पोरगी धरून आहे."